कोण कुठल्या सुतळीवर? (गणितज्ञांची वर्गवारी, मदत हवी)

लष्करवाला (ग्वाल्हेर)

मंडळी, मदत हवी आहे आणि तीही लवकर.

२२ डिसेंबर हा रामानुजन यांचा जन्मदिवस, म्हणजे राष्ट्रीय गणित दिवस. यंदा आमच्या लष्कर भागातल्या मंडळाच्या हॉलमध्ये मुलांचं छोटंसं प्रदर्शन लावायचं ठरलंय. पाचवी ते नववीची चौदा मुलं, मी, आणि फक्त तिळाची गजक खायला येणारा माझा भाचा. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर एकेका भारतीय गणितज्ञाची माहिती लिहायची, भिंतीवर सुतळ्या बांधायच्या आणि कपड्यांच्या चिमट्यांनी कार्डं लटकवायची. कार्डं झाली तीस, सुतळ्या चार. आणि इथेच गाडी अडली.

मी आधी सोपा मार्ग धरला. प्राचीन, मध्ययुगीन, आधुनिक, आणि चौथी सुतळी 'आपले मराठी'. दहा मिनिटांत भांडणं. भास्कराचार्य मध्ययुगीन की मराठी? कापरेकरांनी फारसं काही सिद्ध केलंच नाही, मग ते गणितज्ञ कसे, असं नववीतल्या एका विद्वानाचं म्हणणं. शकुंतलादेवींचं कार्ड करायचं की नाही? त्यात माझ्या मुलीने विचारलं, "बाबा, शून्य कुणाच्या कार्डावर लिहू?" कारण मुलांनी गोळा केलेल्या माहितीत शून्याला तीन मालक निघाले : आर्यभट्ट, ब्रह्मगुप्त आणि ग्वाल्हेरचा किल्ला.

तिसऱ्या मालकाचा मला अभिमान आहे, पण किल्ल्याला गणितज्ञ कसं म्हणू?

इंदूरी_शेव (इंदूर)

पहिला!

भिया, शून्य ग्वाल्हेरचं, शेव इंदूरची. वाद मिटला. बाकी तळटीप येईपर्यंत पॉपकॉर्न घेऊन बसून राहिलोय.

तळटीप (पुणे)

आलो.

एक. आर्यभट. 'भट्ट' नव्हे. ग्रंथाचं नाव आर्यभटीय, आणि पहिल्याच श्लोकात तो स्वतःला आर्यभट म्हणवतो. कार्डं पुन्हा लिहायला लावा.

दोन. शून्याला तीन मालक नाहीत, तीन वेगळी कामं आहेत. इ. स. ४९९ च्या आर्यभटीयात प्रत्येक स्थान आधीच्या दसपट असं स्वच्छ सांगितलंय, पण आकडे अक्षरांनी लिहिलेत, शून्याचं चिन्ह त्यात नाही. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्त शून्याला संख्या मानून त्याचे नियम देतो : धनात शून्य मिळवलं तर काय, ऋणातून वजा केलं तर काय, शून्याने गुणलं तर काय. (शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य, असंही तो लिहून गेला. तिथे चुकला. तेही कार्डावर लिहा, मुलांना बरं वाटेल.) तुमच्या किल्ल्यावरच्या लेखात शून्याबद्दल एक अक्षर नाही, तिथे ते नुसतं वापरलंय.

तीन. 'जगातलं पहिलं शून्य' असं लिहिण्याचा मोह आवरा. कंबोडियात शके ६०५, म्हणजे ६८३ सालचा शिलालेख आहे. त्यातल्या ६०५ मध्ये शून्याच्या जागी ठिपका आहे.

लष्करवाला

तळटीपराव, दंडवत. 'भट्ट' कार्डं सहा होती, फाडली.

आमच्या लेखाबद्दल मात्र थोडं सांगतोच, कारण ग्वाल्हेरात राहून निम्म्या लोकांनी तो पाहिलेला नसतो. गाडीने गेलं की उरवाई दरवाजाकडून थेट वर पोचतो. तो लेख आहे ग्वाल्हेर गेटकडून पायी चढायच्या वाटेवर, चतुर्भुज मंदिरात. एका खडकातून कोरलेलं, आमच्या देवघरापेक्षा जरा मोठं म्हणावं इतकं लहान देऊळ. आत भिंतीवर विक्रम संवत ९३३ चा लेख, म्हणजे इ. स. ८७६. मजकूर काय, तर गावाने देवाला फुलबाग दिली, २७० हात लांब आणि १८७ हात रुंद, आणि माळ्यांनी रोज ५० माळा द्यायच्या. दिव्यांच्या तेलासाठी तेल्यांचीही नोंद आहे.

परवा मुलांना घेऊन गेलो होतो. मला वाटलं होतं काचेत वगैरे ठेवलं असेल. छे! भिंतीवर बोट ठेवून शोधावं लागतं. २७० मधलं शून्य शेजारच्या सातापेक्षा बारीक कोरलंय. आठवीतली एक म्हणाली, "काका, ह्याला शून्य नवीन वाटलेलं दिसत नाही. नवीन असतं तर मोठं काढलं असतं."

इंदूरी_शेव

ह्या मुलीला सगळी गजक द्या.

बडोद्याची_मावशी (वडोदरा)

पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, म्हणून चोंबडेपणा करते.

लष्करवाले, तुम्ही माणसं लावताय, म्हणून अडताय. साल लावलं तर शेजारी कोण येतो ते नशिबावर. दोन भास्कर घ्या. पहिल्याने ६२९ मध्ये आर्यभटीयावर भाष्य लिहिलं, दुसऱ्याने ११५० मध्ये सिद्धान्तशिरोमणी. मध्ये पाचशे वर्षं, आणि मुलं दोघांना एकच समजतात. गाव लावलं तर आणखी घोळ. माणसाचं क्रियापद शोधा. त्याने केलं काय?

माझ्या मते चार क्रियापदांत बरेचसे बसतात. रीत दिली. उपपत्ती दिली, म्हणजे रीत का चालते ते दाखवलं. पाहिलं, म्हणजे इतरांना न दिसलेलं त्याला दिसलं. आणि सांभाळलं : भाष्य लिहिलं, शिकवलं, पुढच्याच्या हाती दिलं.

चौथ्या सुतळीला कमी समजू नका. केरळच्या माधवाचं उदाहरण घ्या. संगमग्रामचा हा माणूस चौदाव्या शतकात पाय (π) साठी अनंत श्रेणी मांडतो, १ वजा एक तृतीयांश अधिक एक पंचमांश... आणि त्याचे गणितावरचे मूळ ग्रंथ हाती नाहीत. आपल्याला तो कळतो पुढच्यांनी 'माधवाने असं सांगितलं' म्हणून लिहून ठेवलं त्यातून. नीलकंठाचा तंत्रसंग्रह १५०१ चा. त्यानंतर ज्येष्ठदेवाने युक्तिभाषा लिहिली, तीही संस्कृतात नाही, मल्याळममध्ये, उपपत्तींसकट. सांभाळणारे नसते तर तुमच्याकडे कार्ड एकोणतीसच असती.

मोरारची_सून (ग्वाल्हेर)

मावशी, हे फार आवडलं. चौथ्या सुतळीसाठी आपल्याकडचं एक : गणेश दैवज्ञ, कोकणातल्या नांदगावचे. ग्रहलाघव १५२० चा, पंचांगवाल्यांनी शेकडो वर्षं वापरला. पण त्यांनी भास्कराचार्यांच्या 'लीलावती' ग्रंथावर बुद्धिविलासिनी ही टीकाही लिहिली, आणि तिच्यात उपपत्ती आहेत. मग दोन सुतळ्यांवर?

आणि लष्करवाले, तीस कार्डांत बाया किती?

लष्करवाला

एक. लीलावती.

(पळतो.)

मोरारची_सून

पळू नका, बाड्याच्या चौकात भेटालच.

लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी, घटिकापात्रात मोती पडला, मुहूर्त टळला, ही गोष्ट भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाहीच. १५८७ मध्ये अकबराच्या दरबारातल्या फैजीने लीलावतीचा फारसी अनुवाद केला, तिथून ती आलीय. ग्रंथात उदाहरणं 'बाले', 'लीलावती' अशी हाक मारून विचारली आहेत, एवढंच. म्हणजे तुमच्या तीस कार्डांत जी एकमेव बाई आहे, ती प्रश्न ऐकणारी आहे.

तीन नावं देते. रमण परिमला, बीजगणित. २०१० मध्ये हैदराबादला जागतिक गणित परिषद भरली, तिथे त्यांचं मुख्य व्याख्यान होतं. नीना गुप्ता, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतल्या. बीजगणितीय भूमितीतल्या झारिस्की यांच्या निरसनाच्या प्रश्नावर त्यांनी प्रतिउदाहरण दिलं, रामानुजन पुरस्कार २०२१ चा. आणि मंगला नारळीकर. त्यांनी टाटा संस्थेत संख्याशास्त्र नव्हे, संख्यांच्या सिद्धांतावर काम केलं, आणि पुढे मुलांसाठी मराठीत गणित लिहिलं. 'एकवीस'ऐवजी 'वीस एक' म्हणायचं, ते बालभारतीचं २०१९ चं प्रकरण आठवतंय ना?

इंदूरी_शेव

आठवतंय म्हणजे! आमच्याकडे बऱ्याचशा मुलांना 'इक्कीस'च माहीत. तेव्हा सगळा महाराष्ट्र भांडत होता आणि आमच्या घरी माझी पुतणी विचारून राहिली होती, "काका, एकोणसत्तर म्हणजे उनहत्तर की उनासी?" मी तर बाईंच्या बाजूने होतो.

तळटीप

अवांतर होतंय. पण मीही होतो. अडुसष्टला 'दोन कमी सत्तर' म्हणत नाही आणि पुढच्याला मात्र 'एकोणसत्तर', म्हणजे एक कमी सत्तर, म्हणतो, ह्याला मुलांनी का सोसावं?

सोळासूत्री (नागपूर)

एवढी चर्चा झाली, वैदिक गणिताचं नाव कुणी घेतलं नाही ह्याचं आश्चर्य वाटतं. सोळा सूत्रांची स्वतंत्र सुतळी हवी. ९७ गुणिले ९६ हे तोंडी तीन सेकंदांत : ९७ मधून ४ गेले ९३, आणि ३ चोक १२. उत्तर ९३१२. पाश्चात्त्यांना हे येत होतं का?

तळटीप

येत होतं. शंभरातून ३ वजा, शंभरातून ४ वजा, कंस सोडवा. 'वैदिक गणित' हे पुस्तक १९६५ मध्ये छापलं गेलं. ती सूत्रं उपलब्ध वेदसंहितांत सापडत नाहीत. वेदकाळाचं गणित हवं तर यज्ञवेदी आखायचे नियम सांगणारी शुल्बसूत्रं आहेत. बौधायनाने आयताच्या कर्णावरच्या चौरसाचा नियम सांगितलाय, वर दोनाचं वर्गमूळ दिलंय : १ अधिक एक तृतीयांश, अधिक त्याचा चौथा भाग, वजा त्या चौथ्याचा चौतिसावा भाग. करून बघा, १.४१४२१५७ येतं. खरं उत्तर १.४१४२१३६. वेदीच्या विटा रचायला ह्याहून जास्त काय हवं?

सोळासूत्री

म्हणजे आपल्या परंपरेत काही चांगलं म्हणायचंच नाही!

बडोद्याची_मावशी

अहो, आत्ताच त्यांनी बौधायनाचं चांगलं म्हटलं की.

९७ गुणिले ९६ मीही शिकवायचे, मुलांना भारी आवडतं. लष्करवाले, दाराशी एक टेबल टाका, 'हिशोबाच्या युक्त्या' म्हणून. तिथे ठेवा. वेदाचं नाव नको. शकुंतलादेवीही त्याच टेबलावर. १९८० मध्ये लंडनला इंपीरियल कॉलेजात तेरा आकडी दोन संख्यांचा गुणाकार २८ सेकंदांत. घड्याळ ठेवा, मुलांना तीन आकडी करू द्या. गणितज्ञ की नाही हा प्रश्न तिथे कुणी विचारणार नाही, सगळे घड्याळाकडे बघतील.

संपादक

वैदिक गणितावर आधीच दोन धागे आहेत. पुढची चर्चा तिकडे. इथले तीन प्रतिसाद उडवले आहेत.

दहिसरचा_पाहुणा (मुंबई)

वाचतोय. मावशींच्या सुतळ्या मस्त, पण एक शंका. रामानुजन कुठे? वह्यांमध्ये हजारोंनी निष्कर्ष, बहुतेक सिद्धता नसलेले. मावशींच्या नियमाने 'पाहिलं'. आणि कापरेकरही 'पाहिलं'. देवळालीच्या शाळेतले मास्तर आणि रॉयल सोसायटीचे फेलो एकाच सुतळीवर? हे जरा जास्तच नाही का?

तळटीप

जास्तच आहे. रामानुजनांच्या वह्यांवर गणितज्ञांच्या पिढ्या झिजल्या. हार्डीबरोबर १९१८ मध्ये संख्येच्या विभाजनांचं सूत्र काढलं, तेव्हा उपपत्तीही दिली. ४ हे बेरजेच्या रूपात पाच प्रकारे लिहिता येतात, १०० हे १९ कोटींहून जास्त प्रकारे. ते मोजायचं सूत्र, आणि सिद्धतेसकट. कापरेकरांचं ६१७४ ही गंमत आहे.

बडोद्याची_मावशी

गंमतच आहे. पण गंमत दिसायला डोळे लागतात. चार आकडी संख्या घ्या, आकडे सगळे सारखे नकोत. उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजाबाकी करा, पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात पावलांत ६१७४. हजारो वर्षं लोक वजाबाक्या करत होते, कुणाला दिसलं नव्हतं. डहाणूत जन्मलेल्या, पीएच.डी. नसलेल्या एका मास्तरांना १९४९ मध्ये दिसलं. आपल्याकडे लोक हसले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने अमेरिकेतल्या आपल्या सदरात लिहिलं, मग आपल्याकडे कौतुक.

उंची मोजायला सुतळ्या बांधल्या नाहीत, काम कसलं ते सांगायला बांधल्यात. मी तर दोघांना मुद्दाम शेजारी लावीन.

लष्करवाला

मावशी, तुमचा प्रतिसाद मुलांना वाचून दाखवला. नववीतल्या विद्वानाने तिथल्या तिथे ८७६ घेतलं, आपल्या लेखाचं साल. चार आकडी नाही म्हणून पुढे शून्य जोडलं.

८७६० – ०६७८ = ८०८२
८८२० – ०२८८ = ८५३२
८५३२ – २३५८ = ६१७४

तीन पावलं. मग संवत ९३३ घेतलं, चार पावलं लागली. पुढचं शून्य काढलं तर खेळ सुरूच होत नाही. कापरेकरांचं कार्ड त्याने स्वतः जाऊन रामानुजनांशेजारी लावलं. तळटीपराव, आता मी हलवू शकत नाही.

तळटीप

ठीक. माझा निषेध नोंदवा.

मोरारची_सून

रँग्लर परांजपे कुठे? माझ्या सासऱ्यांचा आग्रह आहे.

तळटीप

१८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर होणारे पहिले भारतीय. मोठीच गोष्ट. पण परीक्षेत पहिला येणं म्हणजे गणितात भर घालणं नव्हे. तिथून आल्यावर फर्ग्युसनमध्ये शिकवलं, प्राचार्य झाले. 'सांभाळलं'. केरूनाना छत्रेही तिथेच, टिळकांचे गुरू. सासऱ्यांना सांगा, चांगल्या शेजारात आहेत.

कोसंबींना विसरू नका. इतिहासकार म्हणून सगळे ओळखतात, पण ते मुळात गणितज्ञ. १९४४ मध्ये त्यांनी दिलेलं नकाशा-फलन (गुणसूत्रावरच्या जनुकांमधलं अंतर काढायचं सूत्र) आनुवंशशास्त्रवाले आजही त्यांच्याच नावाने वापरतात. 'रीत दिली'.

दहिसरचा_पाहुणा

आणि 'भारतीय' कुणाला म्हणायचं? मंजुल भार्गव कॅनडात जन्मले, अक्षय वेंकटेश दिल्लीत जन्मून ऑस्ट्रेलियात वाढले. फील्ड्स पदक २०१४ आणि २०१८. वरदराजन नव्हे, वरधन, एबेल पुरस्कार २००७, मद्रासचे पण काम न्यूयॉर्कला.

लष्करवाला

ह्यावर आम्ही डोकं चालवलं नाही. कार्डाच्या कोपऱ्यात दोन ओळी : जन्म कुठे, काम कुठे. ज्याला भांडायचं त्याने चहा पिताना भांडावं. कारण हाच नियम कडक लावला तर आमचा हुकमाचा एक्का जातो.

हो, नरेंद्र करमरकर. जन्म ग्वाल्हेरचा. मुलांना हे माहीतच नव्हतं. मुंबईची आयआयटी, मग बर्कलीत पीएच.डी., आणि १९८४ मध्ये बेल लॅब्समध्ये असताना रेषीय नियोजनाची नवी रीत. समजवायला मी आपलाच किल्ला वापरला. कारखान्यात काय किती बनवावं, विमानं कुठून कुठे पाठवावी, असल्या प्रश्नांची सगळी शक्य उत्तरं मिळून एक कोपरेदार किल्ला होतो, आणि सर्वांत चांगलं उत्तर एखाद्या बुरुजावर असतं. डँट्झिगची १९४७ ची रीत तटावरून चालते, ह्या बुरुजावरून त्या बुरुजावर. बुरूज फार झाले की कधीकधी चालून चालून दमछाक. करमरकर तटावर चढतच नाहीत, किल्ल्याच्या आतून मैदानातून बुरुजाकडे जातात. आणि कितीही वाईट किल्ला असला तरी ठरावीक मर्यादेत पोचतील, हे त्यांनी सिद्ध केलं. त्याआधी १९७९ मध्ये खाचियन यांनीही अशी हमी दिली होती, पण त्यांची रीत व्यवहारात फार संथ.

बेलने ह्या रीतीचं पेटंट घेतलं, १९८८ मध्ये मिळालंही. त्यावर आठवीतलीचा प्रश्न : "भास्कराचार्यांनी चक्रवाळाचं पेटंट घेतलं असतं तर?"

इंदूरी_शेव

तर आम्हाला परीक्षेत रॉयल्टी भरावी लागली असती. काका, चक्रवाळ म्हणजे काय ते सांगा, मी कॉमर्सवाला.

तळटीप

एका वर्गाला ६१ ने गुणा, १ मिळवा, उत्तर पुन्हा पूर्ण वर्ग यायला हवं. शून्य सोडून सर्वांत लहान संख्या कोणती? ती शोधायची रीत म्हणजे चक्रवाळ, आणि भास्कराचार्यांनी 'बीजगणित' ग्रंथात हेच ६१ घेतलं. उत्तर २२६१५३९८०. तिच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवलं की १७६६३१९०४९ चा वर्ग. १६५७ मध्ये फर्माने युरोपातल्या गणितज्ञांना आव्हान म्हणून टाकलं, तेही ६१ च. नाव मात्र पडलं पेलचं, ज्याचा ह्याच्याशी जेमतेम संबंध. ऑयलरच्या गैरसमजामुळे.

आणि हे काम एका माणसाचं नाही. दोन उत्तरांतून तिसरं काढायची 'भावना' नावाची रीत ब्रह्मगुप्ताची, चक्राकार रीत जयदेव नावाच्या कुणाच्या तरी नावावर भास्कराचार्यांच्या आधीच मिळते. भास्कराचार्यांनी ती नीटनेटकी केली.

बडोद्याची_मावशी

म्हणजे तीन चिमटे एका कार्डाला. लष्करवाले, हे कार्ड मोठं करा, तक्ताच करा. अक्षर चांगलं असलेल्याला लिहू द्या.

लष्करवाला

आज लागलं एकदाचं. फोटो टाकतोय. चार सुतळ्या : रीत दिली, उपपत्ती दिली, पाहिलं, सांभाळलं. दाराशी युक्त्यांचं टेबल. गणेश दैवज्ञ दोन सुतळ्यांच्या मध्ये लोंबताहेत. कार्डं तेहेतीस झाली, मोरारच्या सूनबाईंना कळावं. किल्ला सुतळीवर नाही, तो समोरच्या भिंतीवर एकटा, मुलीने काढलेलं चित्र, खाली २७०.

६१ चा तक्ता मधोमध. माझ्या भाच्याने लिहिलाय. गजक सत्कारणी लागली.

तळटीप

फोटो मोठा करून पाहिला. शेवटच्या ओळीत १७६६३१९४९ आहे. नऊच आकडे. शून्य राहिलंय.

लष्करवाला

राहिलंय खरं. शाई वाळलीय आणि दुसरा तक्ता आणायला आता दुकान उघडं नाही.

९ आणि ४ च्या मधल्या फटीत मुलीने बारीकसं बसवलं. बाकीच्या आकड्यांच्या निम्मंच आलंय, पण वाचता येतंय.